सतरावा जिओफोन उशिरा ऐकतो

बोरीच्या थडीला, अमळनेरहून दोन कोसांवर
पऱ्हाट्या उपटून झाल्यात.
बांधालगत आम्ही चोवीस जिओफोन रोवलेत,
दोन-दोन मीटरांवर, ताठ,
वाढप्याची वाट बघणाऱ्या पंगतीसारखे.

सुपडूआप्पा घण उचलतात.
साठी उलटली, पण खांदा अजून विहिरी खोदणाऱ्याचा.
लोखंडी पत्र्यावर घाव पडतो
आणि पडद्यावर चोवीस रेघा शहारतात.

मागची दोन वर्षं मी चांगथांगला होते.
तिथं खालची जमीन बारा महिने गोठलेली,
वरचा दीड-दोन हात थर तेवढा
उन्हाळ्यात सुटतो, हिवाळ्यात पुन्हा आवळतो.
तेच मोजायचं: कधी सुटला, किती खोल सुटला.
गोठलेल्या मातीत हादरा निघतो
सेकंदाला तीन हजार मीटर,
घण उलटा उसळतो, मनगट झिणझिणतं.
आषाढ लागला की तोच हादरा
चिखलात चप्पल रुतलेल्या पोरासारखा.
रात्री तंबूत पाठीखाली
तडा जायचा. एकच, कोरडा,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.

आप्पांना हे सांगितलं.
म्हणाले, "आमनी बी तशीच शे ना, ताई.
फक्त थंडीना जागावर ऊन."

खरंय. म्हणून तर परत आले.
ही काळी पावसाळ्यात फुगते, दारं चौकटीत अडकतात,
आखाजीला भेगा पडतात, कोपरापर्यंत हात जाईल अशा.
माझी एक मोजपट्टी गिळलीय तिनं.
जिनिंगच्या आवाराची भिंत
दर साली त्याच जागी तडकते,
दर साली तिथंच लिंपतात.

रात्री यंत्र चालूच ठेवते. तेव्हा घण लागत नाही.
सुरत-भुसावळ लाइनीवरून कोळशाची मालगाडी जाते,
अठ्ठावन्न डबे,
तिची घरघर मातीतून माझ्यापर्यंत येते
आणि येता येता मातीचं काहीबाही सांगून जाते.
ड्रायव्हरला पत्ताही नसतो.

पण सतरा नंबर.
मागच्या पौषापासून छळतोय.
दर घावाला चार मिलिसेकंद उशीर.
केबल बदलली. जिओफोन बदलला.
खुंटी उपटून वीतभर सरकवली.
ऋतूबरोबर सगळ्या रेघा मागेपुढे झाल्या,
याचा उशीर कमी झाला, जास्त झाला, गेला नाही.
वहीत लिहिलं: दोष. खाली दोन रेघा.

आज जेवताना वही उघडीच होती,
शेजारी कळण्याची भाकरी, ठेचा.
आप्पांना आकडे तेवढे वाचता येतात.
सतरावर बोट ठेवून
ते घास चावायचे थांबले.
मग म्हणाले, "आठे हीर व्हती."

सत्याऐंशीचा उन्हाळा. दोघे भाऊ, हे आणि धुडकू.
चाळीस हात गेले, मुरूम संपला, पाषाण लागला,
पाणी नाही.
मालकानं खोदायची मजुरी अर्धी दिली.
बुजवायची मात्र पूर्ण.
धुडकूची पहार खालीच राहिली,
काढतो म्हणाला, काढली नाही.
त्याच दिवाळीत तो सुरतेला गेला, मागावर.
पहिल्या वर्षी एक मनीऑर्डर आली.

मी हिशेब केला मनातल्या मनात:
भुसभुशीत भरण, कमी वेग, चार मिलिसेकंद.
सगळं बसत होतं.
आप्पांनी विचारलं,
बुजवलेली माती पक्की व्हायला किती वर्षं लागतात?
याचा आकडा माझ्याकडे नव्हता.

ते उठले, हात पाठीमागे पुसले,
सतराजवळ उकिडवे बसले.
तळवा टेकवला. काढला.
"तुनं यंत्र लोखंड दाखाडस का?"

नाही आप्पा. इतकं बारीक नाही दिसत.

"मंग बरं," म्हणाले,
आणि घण उचलला.